कॅमेऱ्यातले रंग बिघडले? आधी ते कधी बिघडतात ते बघा

घरावर नजर ठेवणारा सीसीटीव्ही कॅमेरा चालू आहे, चित्र स्वच्छ आहे, पण झाडाची हिरवी पानं गुलाबट-पांढरी दिसतायत. किंवा भर दुपारी सगळं काळंपांढरं. किंवा पांढरी भिंत पिवळीजर्द. अशा वेळी बहुतेक जण ॲप उघडून रंगाच्या पट्ट्या मागेपुढे सरकवत बसतात. मीही तासभर तेच केलं होतं आणि त्यातून चित्र आणखी बिघडलं, कारण दोष त्या पट्ट्यांमध्ये नव्हताच.

माझ्या दारातून एकदा पार्सल गायब झालं. रेकॉर्डिंगमध्ये ते उचलणारा माणूस पाठमोरा दिसत होता, अंगात मरून जॅकेट. दोन दिवस आम्ही मरून जॅकेटवाल्याची चौकशी करत होतो. शेवटी शेजाऱ्यांनीच पार्सल आणून दिलं. पाऊस आला म्हणून त्यांनी ते आत नेऊन ठेवलं होतं आणि त्यांचं जॅकेट होतं काळंकुळकुळीत. त्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या रंगांकडे मी दुर्लक्ष केलेलं नाही. कपड्याचा, गाडीचा रंग हीच पुष्कळदा सांगण्यासारखी एकमेव खूण असते, आणि ती चुकली की संशय भलत्यावरच जातो.

पहिली पायरी: हात न लावता निरीक्षण

सेटिंगला हात लावण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

१. रंग कधी बिघडतात? फक्त दिवसा, फक्त रात्री, तिन्हीसांजेला, की चोवीस तास?
२. कुठे बिघडतात? मोबाइलवर, मॉनिटरवर, की दोन्हीकडे? थेट चित्रात की रेकॉर्डिंगमध्येही?
३. एकाच कॅमेऱ्यात की सगळ्यांत?
४. अचानक झालं की हळूहळू? त्याच सुमाराला काही बदललं का: नवा दिवा, भिंतीचा रंग, ॲपचं अपडेट, वीज जाऊन येणं?

मग एक छोटी चाचणी. एक पांढरा कागद, एक काळं कापड आणि लाल, हिरवी, निळी अशा तीन वस्तू कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटरवर धरा आणि चित्राचा स्क्रीनशॉट घ्या. हीच चाचणी अंधार पडल्यावर पुन्हा करा. पुढचं सगळं निदान या दोन स्क्रीनशॉटवर चालतं. कागदाला कुठली झाक आली आहे आणि काळं कापड काळं राहिलंय का, एवढं नीट पाहिलं तरी निम्मं काम होतं.

मोबाइलवर रंग बरोबर आणि मॉनिटरवर चुकीचे असतील, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. एचडीएमआय किंवा व्हीजीए केबल काढून घट्ट बसवा, दुसरी लावून बघा, मॉनिटरची रंगांची सेटिंग मूळपदावर आणा. व्हीजीए केबलची एखादी पिन वाकली तरी एक मूळ रंग गायब होतो. इथे शिडी चढायची गरज नाही.

दिवसा गुलाबी, जांभळी झाक: फिल्टर अडकलाय

हा दोष नवख्यांना सगळ्यात जास्त चकवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉन सेन्सरला त्यापलीकडचा, जवळपास १००० नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाशही दिसतो. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. तो सेन्सरवर पडू दिला तर रंगांची गल्लत होते. म्हणून भिंग आणि सेन्सरच्या मध्ये एक पातळ काच असते, तिला आयआर कट फिल्टर म्हणतात (आयआर म्हणजे इन्फ्रारेड, अवरक्त). दिवसा ती काच सेन्सरसमोर उभी राहून अवरक्त प्रकाश अडवते. रात्री ती बाजूला सरकते, कॅमेऱ्याचे आयआर दिवे लागतात आणि चित्र काळंपांढरं होतं. ही काच हलवणारी एक इवलीशी विद्युतचुंबकी यंत्रणा असते. तिला क्षणभर विजेचा झटका मिळतो, काच सरकते, आणि ‘खट्’ असा बारीक आवाज येतो.

ती काच रात्रीच्या जागीच अडकून राहिली, की दिवसाच्या चित्रात अवरक्त प्रकाश घुसतो. मग झाडांची पानं पांढरट-गुलाबी होतात, कारण पानं अवरक्त प्रकाश जोरात परतवतात. पुष्कळशी काळी कापडंही तो परतवतात, म्हणून ती मरून किंवा जांभळी दिसतात. शेजाऱ्यांच्या जॅकेटचं कोडं इथे सुटलं. काच अर्ध्यातच थांबली असेल तर चित्राचा एक भाग गुलाबी आणि दुसरा नीट दिसतो. असं दिसलं की दुसरं काही शोधू नका.

उपाय याच क्रमाने करा:

१. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘डे-नाइट’ किंवा ‘नाइट व्हिजन’ हा पर्याय शोधा. तो ‘ऑटो’वरून ‘रंगीत’वर न्या, दहा सेकंद थांबा, मग ‘काळंपांढरं’वर न्या. असं आठ-दहा वेळा करा. एकाने कॅमेऱ्याजवळ उभं राहून आवाज ऐकायचा. प्रत्येक बदलाला स्वच्छ ‘खट्’ ऐकू आलं पाहिजे. आवाज येतो आणि चित्रही सुधारतं, तर काच मोकळी झाली.

२. फरक पडला नाही तर वीज पूर्ण तोडा. नुसतं ॲपमधून रीस्टार्ट करून भागत नाही. अडॅप्टर काढा, आणि कॅमेऱ्याला नेटवर्कच्या वायरीतूनच वीज मिळत असेल तर ती वायर काढा. मिनिटभर थांबून पुन्हा लावा. सुरू होताना बहुतेक कॅमेऱ्यांत काच हलून आपली जागा घेते.

३. पहिली पायरी पुन्हा करताना कॅमेऱ्याच्या बाहेरच्या अंगावर, भिंगाच्या आसपास, बोटाने हलकी टिचकी मारा. टिचकी म्हणजे टिचकीच, ठोसा नव्हे. भिंगाच्या काचेवर मुळीच नको.

४. अडॅप्टर तपासा. कॅमेऱ्यावर १२ व्होल्ट लिहिलं असेल आणि लांबलचक बारीक वायरीतून कॅमेऱ्यापर्यंत १० व्होल्टच पोचत असतील, तर काच सरकवण्याइतका झटकाही मिळत नाही. मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज कॅमेऱ्याच्या टोकाला मोजा, तेही रात्री, आयआर दिवे लागलेले असताना, कारण तेव्हाच कॅमेरा सर्वांत जास्त वीज ओढतो. मल्टिमीटर नसेल तर कॅमेरा काढून अडॅप्टरच्या जवळ, छोट्या वायरीवर चालवून बघा.

५. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा आणि मग फॅक्टरी रीसेट. रीसेट केल्यावर वायफाय आणि पासवर्ड पुन्हा घालावे लागतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

काच मोकळी होऊन चार दिवसांनी पुन्हा अडकली, तर ती पुन्हापुन्हा अडकत राहणार असं माझं स्पष्ट मत आहे. वॉरंटी असेल तर कॅमेरा उघडू नका, बदलून मागा. वॉरंटी संपली असेल तर दुरुस्ती करणारा फिल्टरचा भाग बदलू शकतो, पण बाहेर लावलेला कॅमेरा एकदा उघडला की त्याचं पाण्यापासूनचं संरक्षण पुन्हा पहिल्यासारखं बसेलच असं नाही. तोवरचा उपाय म्हणून कॅमेरा ‘काळंपांढरं’वर कायम ठेवा. रंग दिसणार नाहीत, पण खोटे रंग तरी दिसणार नाहीत.

एक अपवाद लक्षात असू द्या. काही कॅमेऱ्यांत हा फिल्टर मुळातच नसतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी मिळणाऱ्या नोआयआर कॅमेऱ्यात तो मुद्दाम वगळलेला असतो. तसा कॅमेरा घरी जोडून लावला असेल तर दिवसाची जांभळी झाक हा त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

भर दुपारी काळंपांढरं

इथे कॅमेऱ्याला वाटतंय की रात्र आहे. का वाटतंय, ते शोधायचं.

आधी सेटिंग पाहा. कुणीतरी ‘काळंपांढरं’ कायम करून ठेवलंय का? ‘वेळेनुसार’ असा पर्याय निवडलेला असेल तर कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. वीज जाऊन आल्यावर काही उपकरणांची वेळ चुकते आणि कॅमेरा दुपारी बाराला मध्यरात्र समजतो.

सेटिंग ठीक असेल तर कॅमेऱ्याच्या तोंडाकडे बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत आयआर दिव्यांच्या मध्ये एक छोटा ठिपका असतो. तो प्रकाश ओळखणारा सेन्सर, म्हणजे एलडीआर. त्यावर धूळ, कोळ्याचं जाळं किंवा न काढलेली संरक्षक फिल्म असेल तर कॅमेरा अंधारात आहे असंच समजतो. मऊ कापडाने पुसा. नंतर त्यावर टॉर्चचा उजेड टाका. काही सेकंदांत चित्र रंगीत झालं, तर सेन्सर धडधाकट आहे, जागाच अंधारी आहे. मग डे-नाइटची संवेदनशीलता एक-एक पायरी बदलून पाहा. टॉर्च मारूनही ढिम्म फरक नाही आणि ‘रंगीत’ निवडल्यावर मात्र रंग येतात, तर एलडीआर गेला. अशा वेळी वेळेनुसार बदलणारी सेटिंग ठेवून कॅमेरा आणखी बरेच दिवस वापरता येतो.

तिन्हीसांजेला रंगीत-काळंपांढरं असा खेळ

अंधार पडताना चित्र दर काही सेकंदांनी रंग बदलतं आणि ‘खट्-खट्’ ऐकू येतं. कारण बहुधा असं: कॅमेऱ्याचे आयआर दिवे लागले, त्यांचा प्रकाश जवळच्या भिंतीवरून किंवा छपराच्या कडेवरून परत आला, कॅमेऱ्याला वाटलं उजाडलं, त्याने दिवे बंद केले, आणि पुन्हा अंधार. सेटिंगमध्ये ‘विलंब’ असेल तर तो वाढवा, आणि कॅमेरा थोडा वळवून ती भिंत चौकटीबाहेर काढा. हे आज-उद्या म्हणून टाळू नका. काच हलवणारी यंत्रणा रोज संध्याकाळी शेकडो वेळा हलली तर झिजणारच, आणि मग वरच्या गुलाबी प्रकरणाला सामोरं जावं लागतं.

रात्रीचे रंग: काय मिळेल आणि काय नाही

रात्री आयआर दिव्यांवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात रंगांची माहितीच नसते. तिथे फक्त ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा प्रकाश असतो. ८५०चे दिवे अंधारात मंद लाल दिसतात, ९४०चे दिसत नाहीत पण त्यांचा पल्ला कमी असतो. अशा रेकॉर्डिंगमधून नंतर रंग काढून देणारी कुठलीच सेटिंग नाही. एवढंच नव्हे, छटाही फसव्या असतात. काळा शर्ट त्यात पांढरट दिसू शकतो. म्हणून रात्रीच्या काळ्यापांढऱ्या रेकॉर्डिंगवरून ‘त्याने पांढरा शर्ट घातला होता’ असं कुणाला सांगू नका. उंची, चाल, कपड्याचा आकार, हातातली वस्तू यांवर विसंबा.

रात्री रंग हवेच असतील तर दिसणारा उजेड लागतो. ‘फुल कलर’ म्हणून मिळणारे कॅमेरे मोठ्या छिद्राचं भिंग वापरतात. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं: एफ १.० चं भिंग एफ २.० च्या चौपट प्रकाश आत घेतं. तरीही समोर थोडा तरी उजेड हवा, म्हणून त्यांत बहुतेकदा पांढरा दिवाही असतो. उजेड कमी पडला तर रंगीत दाणे दिसतात आणि चालणाऱ्या माणसामागे रंगाचं शेपूट उमटतं. त्यावर रंग वाढवण्यापेक्षा दिवा वाढवणं हाच खरा उपाय.

आणि जर समोर जुना सोडियमचा पिवळा दिवा असेल, तर पिवळेपणाबद्दल कॅमेऱ्याशी भांडू नका. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्यात निळा रंग नाहीच, तर निळी वस्तू निळी दिसणार कशी? ती काळपट दिसते. दिवा आपल्या हातात असेल तर पांढरा एलईडी लावा. नसेल तर कॅमेऱ्याजवळ आपला स्वतःचा छोटा पांढरा दिवा लावा.

पिवळी किंवा निळी झाक: व्हाइट बॅलन्स

पानं हिरवीच आहेत, काळं काळंच आहे, पण पांढरा कागद पिवळा किंवा निळा दिसतोय, तर फिल्टर ठीक आहे. दोष व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा जी जुळवणी करतो तिचा.

प्रकाशालाही रंग असतो, आणि तो केल्व्हिनमध्ये मोजतात: आकडा कमी तितका प्रकाश पिवळा, जास्त तितका निळसर. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० केल्व्हिन, भर दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, सावलीतला ७००० च्याही वर. आपला मेंदू हे आपोआप जुळवून घेतो, कॅमेऱ्याला हिशोब करावा लागतो. पुष्कळ कॅमेऱ्यांचा हिशोब साधा असतो: चित्रातले सगळे रंग एकत्र केले तर राखाडी व्हायला हवेत. समोर नुसतं हिरवं गवत किंवा मोठी लाल भिंत असली की हा हिशोब चुकतो. कॅमेरा हिरवं कमी करायला जातो आणि पायवाट गुलाबट होते. नवी भिंत रंगवल्यावर किंवा समोर निळी ताडपत्री टाकल्यावर रंग बिघडले असतील, तर कारण हेच.

आधी चित्राच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर आणा, व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’ ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. लगेच निकाल लावू नका, कॅमेऱ्याला जुळवून घ्यायला वेळ लागतो. नाहीच जमलं तर पांढरा कागद चित्रात बराच मोठा दिसेल असा धरा, रंग ठीक झाले की ‘लॉक’ निवडा. लॉक नसेल आणि लाल-निळ्याच्या वेगळ्या पट्ट्या असतील, तर कागद पिवळा दिसताना निळा थोडा वाढवा, निळा दिसताना लाल थोडा वाढवा. एका वेळी थोडंच सरकवा आणि प्रत्येक बदलाचा आकडा लिहून ठेवा. मात्र लॉक केलेली सेटिंग दुपारी छान आणि संध्याकाळी विचित्र दिसू शकते, म्हणून ती दिवसातून तीनदा तरी पाहून मगच कायम करा.

खिडकीजवळच्या खोलीत एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा असेल तर दोन्ही बाजू एकदम बरोबर येणार नाहीत. कॅमेरा वळवा किंवा दिवा बदला. रंगीत काचेच्या आडून पाहणारा कॅमेरा काचेचा रंग दाखवणारच.

हिरवा पडदा, हिरवे चौकोन

चित्र अधूनमधून हिरवं होतं किंवा हिरवे-गुलाबी चौकोन फुटतात, हा सहसा रंगाचा दोष नसून माहिती अर्धवट पोचल्याचा असतो. व्हिडिओ उजेड आणि रंग अशा वेगवेगळ्या आकड्यांत साठवला जातो, आणि ते सगळे आकडे शून्य झाले की पडद्यावर हिरवा रंग उमटतो. वायफायचा जोर तपासा, ॲप अपडेट करा, हलका प्रवाह म्हणजे सबस्ट्रीम निवडून बघा, मोबाइलच्या ॲपमध्ये ‘हार्डवेअर डिकोडिंग’ असेल तर ते बंद करून बघा. दुसऱ्या मोबाइलवर चित्र ठीक दिसलं तर प्रश्न पहिल्या मोबाइलचा.

डीव्हीआर आणि जाड केबलवाले कॅमेरे

डीव्हीआर म्हणजे केबलने आलेलं कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारी पेटी. इथे संशयित आणखी दोन. पहिला म्हणजे केबल. जुन्या ॲनालॉग चित्रात रंगांचा संकेत वरच्या वारंवारतेवर असतो, पाल आणि एनटीएससी या रंगीत चित्र पाठवण्याच्या दोन पद्धतींपैकी पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झवर आणि एनटीएससीत ३.५८ वर. लांब किंवा खराब केबल वरच्या वारंवारता आधी गिळते. म्हणून चित्र दिसतं, पण रंग फिके पडतात किंवा साफ उडतात. केबलच्या टोकाचा बीएनसी जोड (फिरवून बसवायचा गोल जोड) सैल आहे का, आत गंज आहे का, जाळीची एखादी तार मधल्या तारेला टेकतेय का, ते बघा. मग डीव्हीआरच्या मागे दोन केबलची अदलाबदल करा. दोष केबलबरोबर दुसऱ्या चॅनलवर गेला तर केबल किंवा कॅमेरा दोषी, जुन्याच चॅनलवर राहिला तर डीव्हीआर.

दुसरा संशयित म्हणजे जुळणी. कॅमेरा पालवर आणि डीव्हीआर एनटीएससीवर असेल, किंवा कॅमेरा टीव्हीआयवर आणि चॅनल एएचडीवर (याही चित्र पाठवण्याच्याच पद्धती) असेल, तर चित्र काळंपांढरं येऊ शकतं किंवा येतच नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वायरीवर छोटं बटण किंवा दांडी असते, तिने पद्धत बदलता येते.

हळूहळू फिके पडलेले रंग

महिनोन्‌महिने रंग उतरत गेले असतील तर आधी साफसफाई. कॅमेऱ्यावरच्या घुमटाचं प्लॅस्टिक मायक्रोफायबर कापड आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. अमोनिया किंवा तीव्र द्रावक नको, त्याने प्लॅस्टिक कायमचं धुरकट होतं. उन्हाने घुमट पिवळा पडला असेल तर तो बदलावा लागतो, पुसून जात नाही. डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सावरणारी सेटिंग, गरज नसताना पूर्ण वर ठेवली असेल तरीही चित्र धुतल्यासारखं दिसतं. वर चढताना शिडी दुसऱ्याने धरायची आणि वीज आधी बंद करायची, हे मात्र दर वेळी.

कारागिराला बोलवण्याआधी

एवढं करूनही जमलं नाही तर दिवसाची एक आणि रात्रीची एक क्लिप, कागदाच्या चाचणीचे दोन्ही स्क्रीनशॉट, कॅमेऱ्याचा मॉडेल क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि अडॅप्टरवरच्या चिठ्ठीचा फोटो तयार ठेवा. ‘खट्’ आवाज येतो की नाही हे आवर्जून सांगा. येत नसेल तर फिल्टर आणि वीजपुरवठा, येत असेल तर सेटिंग आणि वायरी, अशी कामाची दिशा तिथेच ठरते. आणि दुरुस्ती झाल्यावर रंग नीट असताना तीच कागद-कापडाची चाचणी करून दिवसाचा आणि रात्रीचा एकेक स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी काय बदललंय ते दोन चित्रं शेजारी ठेवून लगेच दिसेल.